दप्तर राखणारी जोडी : शाळेच्या संगणकावर ‘रेड’ संच कसा बसवावा

प्राथमिक शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टराइतके मोलाचे दुसरे पुस्तक नाही. हजेरीपट जुने होतात, परिपत्रकांची मुदत संपते, पण जनरल रजिस्टर कायम जतन करावयाचे असते. मुलाचे नाव, जात, जन्मस्थान, अंकी व अक्षरी जन्मतारीख, शाळेत आल्याची व शाळा सोडल्याची तारीख यांची नोंद त्या एका ओळीत असते. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेली स्त्री आज दाखल्यासाठी दारात उभी राहिली, तर तिच्या वयाचा लेखी पुरावा बहुधा त्या ओळीतच सापडतो. ती ओळ नाहीशी झाली तर शाळेचे एक पान कमी होते, पण त्या बाईचा हक्कच अडून बसतो.

रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातील खारघरसारख्या ठिकाणी हे अधिकच प्रत्ययास येते. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या योजनेत आल्या. शेते गेली, त्यांच्या जागी सेक्टर उभे राहिले. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि खारघर तिच्या हद्दीत आले. गावाची बाह्य खूण अशी पालटत गेली, तरी कोणत्या घरातील मूल कोणत्या साली पहिलीत बसले, हे सांगणारी जुनी पाने बदललेली नाहीत. म्हणूनच अनेक शाळांतून आता या पानांची छायाचित्रे काढून ती संगणकात साठविली जात आहेत. चालू पटावरील मुलांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर भरलेली असते. जुन्या विद्यार्थ्यांचे मात्र तसे नसते, त्यांची छायाचित्रे शाळेच्या संगणकातच राहतात. मग ती राहावीत कशी, हा विचार ओघानेच येतो.

एका तबकडीचा भरवसा किती?

संगणकातील माहिती ज्या पेटीत साठते तिला हार्ड डिस्क म्हणतात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेत असतात व लेखनशीर्ष त्यांच्या पृष्ठभागाला न शिकता, केसाहूनही सूक्ष्म अंतरावरून फिरते. धक्का, उष्णता, विजेचा झटका किंवा केवळ झीज यांमुळे ही यंत्रणा केव्हाही बंद पडू शकते. नव्या पद्धतीच्या एसएसडीत फिरणारा भाग नसतो, तरी तीही अमर नाही. सारांश, प्रत्येक डिस्क एक ना एक दिवस निकामी होणारच. ती कोणत्या दिवशी होईल, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. वाळवी लागण्याच्या भयाने ज्या रजिस्टराची छायाचित्रे काढली, त्यांना एकाच डिस्कच्या हवाली करणे म्हणजे एका वाळवीतून काढून दुसरीच्या तोंडी देणे होय.

अनेकांनी मिळून एकाचे काम

तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले व्यापारी यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या पसाऱ्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे डिस्का लहान व स्वस्त होत गेल्या, तरी मोठ्या कार्यालयांतील डिस्का मोठ्या व महागच राहिल्या. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी काट्झ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या महाग डिस्कऐवजी अनेक लहान स्वस्त डिस्का एकत्र जोडाव्यात आणि त्यांतील एखादी बंद पडली तरी माहिती वाचावी म्हणून थोडी जास्तीची नोंद राखावी, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीस ‘रेड’ हे नाव पडले. मूळ नावात ‘स्वस्त’ या अर्थाचा शब्द होता, पुढे त्याच्या जागी ‘स्वतंत्र’ या अर्थाचा शब्द रूढ झाला.

त्याच १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था स्थापन झाली. तिच्या मुंबई शाखेची इमारत खारघर स्थानकासमोरच आहे. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. परदेशी महासंगणक मिळण्यास अडचण होती, तेव्हा पुष्कळ लहान प्रक्रियाकारक एकत्र गुंफून त्यांच्याकडून मोठ्याचे काम करून घेण्यात आले. गणनेच्या बाबतीत जे ‘परम’ने केले, तेच साठवणीच्या बाबतीत ‘रेड’ करते.

हरवलेला आकडा कसा सापडतो?

जास्तीची थोडीशी नोंद राखल्याने गेलेली माहिती परत कशी मिळते, हे शिक्षकांना नवे नाही. मासिक पत्रकात पहिलीची उपस्थिती २८, दुसरीची ३१, तिसरीची २६ आणि बेरीज ८५ असे लिहिले आहे, असे समजा. दुसरीच्या आकड्यावर शाई सांडली, तरी चिंता नाही. ८५ मधून २८ व २६ वजा केले की ३१ हाती येतात. बेरजेचा रकाना हीच जास्तीची नोंद. मात्र दोन आकड्यांवर शाई सांडली तर एका बेरजेवरून दोन्ही सापडणार नाहीत.

संगणकात सर्व माहिती ० व १ या दोन अंकांत लिहिलेली असते, म्हणून तेथे बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब ठेवतात. पहिल्या डिस्कवर १, दुसरीवर ० आणि तिसरीवर १ असेल तर १ हा अंक दोनदा आला. ही संख्या सम आहे, म्हणून समतेच्या जागी ० लिहितात. संख्या विषम असती, तर १ लिहून ती सम केली असती. पुढे तिसरी डिस्क गेली तर उरलेल्या जागी १, ० व समतेचा ० दिसतो. १ एकदाच आला आहे, तेव्हा एकूण संख्या सम होण्यासाठी हरवलेला अंक १ च असला पाहिजे, हे उघड आहे.

संचाचे प्रकार

‘रेड’चे प्रकार अंकांनी ओळखले जातात.

रेड ० : माहितीचे तुकडे दोन किंवा अधिक डिस्कांवर वाटून लिहितात. काम जलद होते, पण जास्तीची नोंद मुळीच नसते. एक डिस्क गेली की सर्व माहिती गेली. दप्तरासाठी हा प्रकार त्याज्य होय.

रेड १ : दोन डिस्कांवर तीच माहिती एकाच वेळी लिहितात. एक बिंब, दुसरे प्रतिबिंब. दोन टेराबाइटच्या दोन डिस्का घेतल्या तर वापरास दोनच टेराबाइट मिळतात. एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहते.

रेड ५ : किमान तीन डिस्का लागतात. समतेची नोंद सर्व डिस्कांवर विखुरलेली असते. एका डिस्कइतकी जागा खर्ची पडते व एक डिस्क गेली तर निभावते.

रेड ६ : किमान चार डिस्का. दोन डिस्कांइतकी जागा खर्ची पडते, पण दोन गेल्या तरी निभावते.

रेड १० : किमान चार डिस्का. प्रतिबिंबित जोड्यांवर माहिती वाटून लिहितात.

लहान शाळेस रेड १ पुरे. त्यात हिशेबाची गुंतागुंत नाही, दोनच डिस्का लागतात, आणि काही बिघडल्यास समजण्यास तो सर्वांत सोपा आहे.

बसविण्याची रीत

१. प्रथम संगणकातील सर्व माहितीची प्रत बाहेरच्या स्वतंत्र डिस्कवर काढून घ्यावी. संच तयार करताना त्यात घेतलेल्या डिस्कांवरील पूर्वीची माहिती पुसली जाते. ही पायरी गाळल्यास पुढील सर्व श्रम अनर्थास कारण होतील.

२. सारख्या क्षमतेच्या दोन नव्या डिस्का घ्याव्यात. क्षमता निरनिराळी असेल तर जोडीस लहान डिस्कइतकीच जागा मिळते. शक्य झाल्यास दोन्ही एकाच वेळच्या उत्पादनातील नसाव्यात, कारण जुळ्या भावंडांचे आजारही कधी कधी एकदमच येतात.

३. प्रत्येक डिस्कवरील अनुक्रमांक दप्तरात लिहून घ्यावा व ‘क’ आणि ‘ख’ अशा चिठ्ठ्या डिस्कांना दिसतील अशा चिकटवाव्यात. पुढे एक डिस्क बिघडली असता घाईत चांगलीच डिस्क काढली जाऊ नये, यासाठी ही तजवीज आहे.

४. संगणक बंद करून विजेची वायर काढावी. पेटीच्या धातूच्या सांगाड्यास हात लावून अंगावरील स्थिर वीज जाऊ द्यावी. नंतर डिस्का खाचांत सरकवून स्क्रूने घट्ट कराव्यात. प्रत्येकीस दोन जोडण्या द्याव्या लागतात, एक माहितीची व दुसरी विजेची.

५. संगणक ज्या डिस्कवरून सुरू होतो ती विंडोजची डिस्क वेगळीच ठेवावी. दप्तराची जोडी तिच्याहून निराळी असावी. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधील ‘स्टोरेज स्पेसेस’ उघडून नवा संच तयार करण्याचा पर्याय घ्यावा, दोन्ही नव्या डिस्का निवडाव्यात, आणि सुरक्षिततेच्या प्रकारात ‘टू-वे मिरर’ निवडून संचास नाव द्यावे. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली असलेल्या संगणकात हेच काम ‘एमडीएडीएम’ या साधनाने होते.

मदरबोर्डच्या अंगच्या सोयीनेही संच करता येतो. परंतु तो मदरबोर्ड बिघडला तर संच दुसऱ्या संगणकात ओळखला जाईलच, असे नाही. प्रणालीने केलेला संच त्याच प्रणालीच्या दुसऱ्या संगणकास जोडून सहसा वाचता येतो. म्हणून शाळांनी प्रणालीचाच मार्ग पत्करावा.

परीक्षा घेतल्याशिवाय पास करू नये

संच तयार होताच त्यावर दप्तर चढवू नये. आधी काही नमुन्याची छायाचित्रे ठेवावीत. मग संगणक बंद करून ‘ख’ डिस्कची जोडणी काढावी व संगणक पुन्हा सुरू करावा. एक डिस्क नसल्याची सूचना दिसली आणि छायाचित्रे मात्र उघडली, तर संच पहिल्या परीक्षेत उतरला. पुन्हा संगणक बंद करून डिस्क जोडावी आणि दोन्ही प्रती जुळल्याची खात्री होईपर्यंत थांबावे. ही सूचना कशी दिसते, हे शाळेतील किमान दोघा शिक्षकांनी प्रत्यक्ष पाहिलेले असावे. बदली झालेल्या शिक्षकाबरोबर ते ज्ञान गावाबाहेर जाऊ नये.

पुढे दरमहा एकदा संचाची स्थिती पाहून नोंदवहीत सही करावी. एक डिस्क गेल्यावरही काम बिनतक्रार चालते, हा जसा या रचनेचा गुण, तसाच तो धोकाही होय. सूचना कोणी वाचली नाही तर दुसरी डिस्क जाईपर्यंत पहिली गेल्याचा पत्ताच लागत नाही. नवी डिस्क घातल्यावर पूर्ण प्रत उतरण्यास काही तास लागतात. तेवढा वेळ माहिती एकाच डिस्कच्या आधारावर असते, म्हणून बदलीचे काम लांबणीवर टाकू नये. लिहिणे चालू असता वीज गेल्यास दोन्ही प्रतींत तफावत पडू शकते. कोकणातील पावसाळा ध्यानी घेता यूपीएस ही चैन समजू नये.

संच म्हणजे राखीव प्रत नव्हे

सर्वांत अधिक घोटाळा येथेच होतो. रेड संच डिस्कच्या बिघाडापासून वाचवितो, माणसाच्या चुकीपासून नव्हे. कोणी चुकून १९७२ चे पान पुसले, तर ते दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसले जाते. आरसा चांगले तेवढेच दाखवीत नाही. खंडणीखोर विषाणू शिरला तर दोन्ही प्रती कुलूपबंद होतात. चोर पेटी उचलून नेतो तेव्हा दोन्ही डिस्का नेतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असा पाऊस तळमजल्यात शिरला तर एकाच पेटीतील बिंब व प्रतिबिंब एकाच पाण्यात बुडतात.

म्हणून माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर असावी, असा सर्वमान्य नियम आहे. दरमहा बाहेरच्या डिस्कवर काढलेली प्रत मुख्याध्यापकांनी लेखी नोंद करून दुसऱ्या सुरक्षित सरकारी जागी ठेवावी. मुलांची जात व जन्मतारीख तीत असल्याने तिला संकेतशब्दाचे कुलूप असावे. आणि मूळ कागदी रजिस्टर कोणत्याही कारणास्तव नष्ट करू नये. पुराव्यास मूळ पान लागते, छायाचित्र हा त्याचा रखवालदार आहे.

वर्गात घेण्याजोगा पाठ

हा विषय चौथीच्या मुलांसही खेळातून कळतो. चार मुलांनी पाटीवर ० किंवा १ यांपैकी मनास येईल तो अंक लिहून रांगेत उभे राहावे. पाचव्या मुलाने एकूण १ किती आले ते मोजून, ती संख्या सम होईल असा अंक आपल्या पाटीवर लिहावा. मग वर्गाने डोळे मिटावेत व कोणाही एकाने आपली पाटी पाठीमागे लपवावी. डोळे उघडताच वर्गाने तो लपलेला अंक सांगावा. दोन-तीनदा चुकल्यावर मुलांना युक्ती सापडते. नंतर एकदम दोन पाट्या लपवाव्यात. उत्तर येत नाही, आणि ते का येत नाही, हे मुलेच सांगतात.

तो खेळ संपल्यावर त्यांना कपाटातील जुने रजिस्टर दाखवावे. कोणाच्या आजीचे नाव त्यात निघते, कोणाच्या वडिलांचे निघते. त्या ओळी जपण्यासाठी दोन डिस्का, एक बाहेरची प्रत आणि महिन्याकाठी एक सही एवढेच लागते, हे मुलांना त्या वेळी निराळे समजावून सांगावे लागत नाही.