दिवाळीची सुट्टी आणि वस्तुसंग्रहालये

सहामाही परीक्षा संपली की महाराष्ट्रातील शाळांना दिवाळीची सुट्टी लागते. फराळ, किल्ला आणि पाहुणे यांत पहिले काही दिवस सरतात. उरलेल्या दिवसांत मुलांना कोठे न्यावे हा प्रश्न शहरांतील कुटुंबांना दरवर्षी पडतो. मग कोणीतरी वस्तुसंग्रहालयाचे नाव काढतो, तिकिटे काढली जातात, आणि सारे कुटुंब एका दालनातून दुसऱ्या दालनात सरकत तासाभरात बाहेर पडते. मुलांच्या लक्षात राहते ती ‘हात लावू नये’ ही पाटी. संग्रहालयांत गर्दी होत नाही ही तक्रार सुट्टीपुरती तरी खरी नाही. त्या गर्दीच्या हाती काय लागते, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्राला संग्रहालयांची उणीव नाही. मुंबईच्या भायखळ्यातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली खुले झाले. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा ‘अजब बंगला’, त्याहूनही जुने, १८६३ चे. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या वास्तूची पायाभरणी १९०५ मध्ये झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्करी रुग्णालय होते आणि १९२२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडले. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय तर एका व्यक्तीच्या ध्यासातून उभे राहिले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये, भांडी, दरवाजे जमविले, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले, आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ही सर्व संपत्ती सार्वजनिक आहे. तिचा उपभोग मात्र तितकासा सार्वजनिक झालेला नाही.

याचे कारण अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगता येईल. संग्रहालयाचा बहुतेक खर्च स्थिर स्वरूपाचा असतो. इमारत, पहारा, दिवाबत्ती व वस्तूंचे जतन यांवर होणारा व्यय दहा माणसे आली काय किंवा हजार आली काय, फारसा बदलत नाही. म्हणजेच आणखी एका मुलाला आत घेण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर तिकीट हा खर्चाचा एक भाग झाला. प्रवासभाडे, बाहेरचे खाणे आणि एक अख्खा दिवस यांची त्यात भर पडते. त्यांहून मोठी किंमत नजरेआड राहते. समोरची वस्तू का पाहावयाची, हे ठाऊक नसल्याने येणारा संकोच ही ती किंमत होय. केवळ तिकीट माफ केल्याने ती भरून निघत नाही. इंग्लंडमधील राष्ट्रीय संग्रहालयांचा प्रवेश डिसेंबर २००१ पासून विनामूल्य झाला. प्रेक्षकांची संख्या पुष्कळ वाढली. परंतु त्या वाढीत आधीपासून संग्रहालयात येणाऱ्या वर्गाचाच वाटा मोठा होता. तेथील संग्रहालये ऑक्टोबरअखेरच्या शालेय सुट्टीत कुटुंबांसाठी हस्तकला, कथाकथन, शोधाचे खेळ असे कार्यक्रम आखतात, ते या संकोचावरचा उपाय म्हणूनच समजून घेतले पाहिजेत.

आपल्याकडे असे उपक्रम मुळीच नाहीत असे नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरते संग्रहालय बसमधून शाळांच्या दारी नेले आणि २०१९ मध्ये आवारात मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. पण महानगराला जे साधते ते जिल्ह्याच्या गावी पोहोचत नाही, आणि खरी सामग्री तर तेथेही आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी समुद्राचा देव कसा आला, एवढा एक प्रश्न मुलांपुढे ठेवला तर रोमन व्यापाराचा सारा धडा त्यातून उलगडतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई, असे पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात नमूद आहे. तेरच्या संग्रहालयातील हस्तिदंती बाहुलीशी साम्य असलेली मूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे मिळाली आहे. नकाशावर दोरा लावून तो मार्ग शोधणे हा सातवीच्या मुलाला सहज जमणारा खेळ आहे आणि त्याला लागणारा खर्च म्हणजे कागद व दोरा.

उपक्रम कुटुंबासाठी असावा, केवळ मुलांसाठी नव्हे. केळकर संग्रहालयातील समई, अडकित्ता किंवा पानाचा डबा यांच्यासमोर आजीला जे सांगता येईल ते पाटीवर लिहिता येणार नाही. नातवाने प्रश्न विचारावा, आजीने उत्तर द्यावे, त्याने त्या वस्तूचे चित्र काढून घरी न्यावे, असे घडले तर इतिहास त्याला घरचा वाटू लागेल. अंगणात मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलाला शिवराई नाण्याची प्रतिकृती हाताळावयास मिळाली, तर त्याच्या किल्ल्यातील बाजारालाही अर्थ येईल.

संग्रहालयाचे पहिले कर्तव्य जतनाचे आहे, मुलांच्या गर्दीने वस्तूंना धोका पोहोचेल, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. त्यासाठीच उपक्रम वेगळ्या खोलीत, प्रतिकृतींच्या साहाय्याने करावयाचे असतात. मनुष्यबळ अपुरे असेल तर स्थानिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन, अल्पसे मानधन देऊन सुट्टीपुरते मार्गदर्शक नेमता येतील. सोप्या मराठीतील शोधपत्रिका छापणे, सुट्टीच्या दिवसांत वेळ वाढविणे आणि शाळांनी सुट्टीपूर्वीच कार्यक्रम पालकांना कळविणे, यांपैकी कशालाही मोठ्या योजनेची गरज नाही.

इमारतींवर आणि संग्रहांवर समाजाने खर्च केव्हाच केला आहे. त्या खर्चाचा परतावा तिकीटविक्रीच्या हिशेबात दिसणार नाही. संग्रहालयात रमलेला मुलगा पुढे आपल्या मुलांना तेथे घेऊन येतो, हाच त्याचा परतावा. तो पदरात पाडून घ्यावयाचा असेल तर संग्रहालयांनी दिवाळीची सुट्टी ही केवळ गर्दीची अडचण न मानता आपल्या कामाचा हंगाम मानला पाहिजे.