राजवाड्याच्या नावाचा मसाला चहा

इंग्लंडच्या राजवाड्यांची नावे लावून मसाला घातलेला काळा चहा सुंदर डब्यांतून विकला जातो. विलायतेत राहणारी आपली मुले सुट्टीवर येताना असा डबा आणतात. डब्यावर राजवाड्याचे चित्र, आत चहाबरोबर दालचिनी, लवंग, सुंठ, संत्र्याची साल. पाहुणे आले की हाच डबा बाहेर निघतो आणि आजीच्या हातचा चहा स्वयंपाकघरातच राहतो. हे आम्हाला आवडत नाही, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

लंडनजवळचा हॅम्प्टन कोर्ट राजवाडा घ्या. आठवा हेन्री राजा (१५०९ ते १५४७) तेथे राहत असे. त्याच्या मुदपाकखान्यात दिवसातून दोन वेळा निदान चारशे माणसांचे जेवण होई. मसाल्यांची कोठी वेगळी होती. दालचिनी सिंहलद्वीपाची, लवंग व जायफळ मोलुका बेटांकडचे. पोर्तुगीज जहाजांतून हा माल लिस्बनला, तेथून अँटवर्पला आणि मग लंडनला पोहोचे. मसाला होता, पण चहा नव्हता! लंडनच्या वर्तमानपत्रात चहाची जाहिरात आली ती १६५८ साली, हेन्रीच्या मृत्यूनंतर १११ वर्षांनी.

दरबारात चहाला मान मिळाला तो एका परदेशी सुनेमुळे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचे दुसऱ्या चार्ल्स राजाशी १६६२ साली लग्न झाले आणि नवे जोडपे याच हॅम्प्टन कोर्टात राहावयास आले. राणीला माहेरापासून चहाची सवय होती. राणी पिते म्हणून सरदारांच्या बायकाही पिऊ लागल्या.

आता आपल्या कामाची गोष्ट. १६६१ च्या करारात या राणीच्या हुंड्यात मुंबई बेट इंग्रजांना देण्यात आले. राजाला त्याचे फारसे मोल वाटले नाही. १६६८ साली त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. पुढे १८३४ नंतर मजुरांना घेऊन जहाजे मॉरिशसला येऊ लागली. रत्नागिरी, साताऱ्याकडचे आपले पूर्वज ज्या बंदरातून जहाजावर चढले ते हेच मुंबई बंदर. डब्यावर हे कोणी छापत नाही. आम्ही वर्गात मुलांना विचारले, मुंबई इंग्रजांना कशी मिळाली? एकही हात वर झाला नाही.

आपल्या पूर्वजांनीही गावाहून चहा आणला नव्हता. कोकणच्या खेड्यांत तो तेव्हा पोहोचलाच नव्हता. हिंदुस्थानात घरोघरी चहा गेला तो विसाव्या शतकात. त्यांनी आणली ती मसाल्याची जाण. म्हणजे हेन्री राजा आणि आपले पणजोबा या बाबतीत सारखेच! लवंगेची रोपे तर पियेर प्वाव्र यांनी १७७० च्या सुमारास आपल्या बेटावर आणविली होती. बोआ शेरीचा चहाही येथलाच.

तेव्हा घरच्या घरी करून पाहा. चार कप पाण्यात दालचिनीचा बोटभर तुकडा, तीन लवंगा आणि ठेचलेले आले पाच मिनिटे उकळावे. अख्खा मसाला आपला वास हळूहळू सोडतो, चहाची पत्ती मात्र उकळत ठेवली की कडवट होते. म्हणून पत्ती शेवटी घालून भांडे खाली उतरावे व तीन-चार मिनिटे झाकून ठेवावे. संत्र्याची साल घालायची तर वरची पिवळी तेवढीच, आतली पांढरी नको. दूध हवे असेल तर आले आधी पाण्यात चांगले उकळलेले असावे, नाहीतर दूध फुटते.