थार उचलताना: इंचांचा हिशेब

२०२० साली आलेल्या महिंद्रा थारच्या १८ इंची रिमवर २५५/६५ मापाचा टायर असतो. त्याचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. त्याजागी ३३ इंची टायर घातला की व्यास ४९ मिलिमीटरने वाढतो, पण जमिनीपासूनची उंची वाढते त्याच्या निम्मी, जेमतेम इंचभर.

मग लिफ्ट किटने काय होतं? बॉडी आणि चासी वर जाते, मागचा अ‍ॅक्सल मात्र जागेवरच राहतो. दगडावर आपटतो तो नेमका अ‍ॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, आणि त्याला वर उचलतो फक्त मोठा टायर. लिफ्टचं खरं काम त्या टायरला जागा करून देणं. स्टेअरिंग पूर्ण वळवून एक चाक दगडावर चढवा आणि मडगार्डच्या आतलं प्लास्टिक बघा. घासल्याची काळी चमकदार रेघ दिसली तर जागा अपुरी आहे.

पुढच्या बाजूला इंडिपेंडंट सस्पेन्शन असल्याने लिफ्टमुळे ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, ग्रीस गळतं. दोन इंचांच्या आत थांबणंच शहाणपणाचं.

स्पीडोमीटरही चुकतो: काटा ८० वर असताना टायरच्या फरकामुळे गाडी ८५ च्या आसपास धावत असते.

कायद्याची बाजू कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. अपघातानंतर विम्याचा दावाही इथेच अडकू शकतो.