निळ्या ग्रहावरचा काचेचा पाऊस

जंबुक तारकासमूहात, पृथ्वीपासून सुमारे ६४ प्रकाशवर्षांवर, सूर्याहून थोडा लहान असा एक नारिंगी तारा आहे. त्याच्याभोवती फिरणारा ‘एचडी १८९७३३ बी’ हा ग्रह २००५ साली सापडला. गुरूपेक्षा किंचित मोठा असलेला हा वायूचा गोळा चित्रांमध्ये गडद निळा दाखवतात आणि पाहणाऱ्याला पृथ्वीची आठवण होते. प्रत्यक्षात या ग्रहाचे छायाचित्र आजवर कोणीही घेतलेले नाही. चित्र कल्पनेतले आहे. रंग मात्र मोजलेला आहे.

तो मोजला कसा? हा ग्रह दर २.२ दिवसांनी ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा प्रकाश अडीच टक्क्यांच्या आसपास घटतो. त्यावरून ग्रहाचा आकार कळतो. तोच ग्रह ताऱ्यामागे गेला की त्याने परावर्तित केलेला प्रकाश तेवढा वेळ आपल्यापर्यंत पोहोचत नाही. हबल दुर्बिणीतून पाहताना या क्षणी निळा प्रकाश कमी झाल्याचे दिसले. हिरव्या आणि लाल प्रकाशात तशी घट नव्हती. म्हणजे ग्रह निळा आहे, असा निष्कर्ष २०१३ मध्ये निघाला.

पण हा निळेपणा समुद्राचा नव्हे. बुध सूर्यापासून जितका दूर आहे, त्याच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर हा ग्रह आहे. स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २००७ मध्ये त्याचा तापमानाचा नकाशा तयार झाला. दिवसाच्या बाजूला तापमान ९०० अंश सेल्सियसच्या पुढे होते. गंमत म्हणजे सर्वांत तप्त जागा ताऱ्याच्या बरोबर खाली नव्हती, पूर्वेकडे सरकलेली होती. वारा उष्णता वाहून नेत असल्याची ही खूण. पुढे २०१५ मध्ये या वाऱ्याचा वेगही मोजला गेला : सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या दुपटीहून अधिक!

निळा रंग येतो तो बहुधा हवेतल्या सिलिकेटच्या सूक्ष्म कणांमुळे. वाळू आणि काच ज्या कुळातली, तेच हे द्रव्य. इतक्या उष्णतेत त्याचे काचेसारखे कण बनत असतील, तर ते सरळ खाली न पडता वाऱ्याबरोबर आडवे धावतील. ‘काचेचा पाऊस’ म्हणतात तो हाच. तो कोणी पाहिलेला नाही; रंग, तापमान आणि वारा यांवरून बांधलेला तो अंदाज आहे.

कल्पनेनेच तिथे उतरायचे म्हटले, तर पाय टेकायला जमीन नाही. आपल्या सूर्याच्या चोवीसपट रुंद दिसणारा तारा आकाशात एकाच जागी खिळलेला, कारण ग्रहाची एकच बाजू कायम त्याच्याकडे असावी. जेम्स वेब दुर्बिणीच्या २०२४ मधील निरीक्षणांत हायड्रोजन सल्फाइडही सापडला. म्हणजे हवेला सडक्या अंड्यांचा वास!

याच हवेत पाण्याची वाफही आहे. दुरून निळा दिसणारा, हवेत वाफ असलेला ग्रह एवढेच वर्णन ऐकले, तर ते पृथ्वीलाही लागू पडते. म्हणूनच जीवसृष्टीच्या शोधात एखाद्या ग्रहाबद्दल ‘पाणी सापडले’ अशी बातमी आली, की तिथले तापमान किती आणि खाली जमीन आहे का, हे आधी पाहावे लागते.