कमांडच्या आधी काय, नंतर काय?

मी माहितीपुस्तिका लिहिते असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे मिक्सरबरोबर येते ती?’ कधीकाळी तीही लिहिली आहे. आता मी सॉफ्टवेअरची लिहिते, आणि त्यातला माझा आवडता भाग म्हणजे कमांड-संदर्भ. कमांडचं नाव, ती काय करते, तिला कोणते पर्याय जोडता येतात, एवढाच त्यातला मजकूर. तो कुणी सलग वाचत नाही. काम अडलं की माणूस वैतागून पान उघडतो, दोन ओळी वाचतो आणि पान बंद करतो. त्या दोन ओळींत त्याचं काम व्हायला हवं.

सध्या मी ज्या साधनाची अशी पानं बारकाईने वाचते आहे, त्याचं नाव योसिस. ते काय करतं हे कळायला चिप कशी घडते याची थोडी ओळख हवी. आजचा अभियंता गेट एकेक करून काढत बसत नाही. तो व्हेरिलॉगसारख्या भाषेत वर्तन लिहितो: घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला हा आकडा एकने वाढव, रिसेट आला तर शून्य कर. या मजकुरातून बेरीज करणारा अ‍ॅडर, दोनांपैकी एक वाट निवडणारा मल्टिप्लेक्सर, किंमत धरून ठेवणारा फ्लिपफ्लॉप आणि शेवटी कारखान्यात बनू शकतील अशी गेट्स तयार करणं म्हणजे सिंथेसिस. चिप-उद्योगात हे काम महागड्या परवान्यांची व्यावसायिक साधनं करतात. योसिस तेच काम मुक्त स्रोताने करतं. क्लेअर वुल्फ यांनी व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात पदवीच्या प्रबंधासाठी ते सुरू केलं. 2020 मध्ये गूगल आणि चिप बनवणारी कंपनी स्कायवॉटर यांनी चिप बनवण्याच्या 130 नॅनोमीटर प्रक्रियेचा तपशील खुला केला, आणि व्हेरिलॉगपासून चिपच्या आराखड्यापर्यंतची सगळी वाट मुक्त साधनांनी चालता येऊ लागली. या वाटेवर सिंथेसिसचा टप्पा बहुतेक वेळा योसिसच सांभाळतं.

योसिसमध्ये दोनशेहून अधिक कमांड आहेत. ‘हेल्प’ लिहिलं की यादी येते, ‘हेल्प’पुढे कमांडचं नाव लिहिलं की तिची माहिती येते. हा मजकूर वेगळ्या फायलीत नसून कमांडच्या सी-प्लस-प्लस प्रोग्रॅममध्येच, तिच्या कोडला लागून लिहिलेला असतो. संकेतस्थळावरची संदर्भपानंही त्यातूनच निघतात. त्यामुळे तुमच्याकडे जी आवृत्ती आहे, तिचीच माहिती तुम्हाला मिळते. तोटा असा, की हा मजकूर प्रोग्रॅमर कोड संपवता संपवता लिहितो. त्या क्षणी त्याच्या डोक्यात सगळं लख्ख असतं, म्हणून निम्मं लिहायचं राहून जातं.

काय राहतं? औषधाच्या पाकिटावर घटकद्रव्यं मिलिग्रॅमसकट छापलेली असावीत आणि गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हेच नसावं, तसं काहीसं. सिंथेसिस ही क्रमाने चालणारी प्रक्रिया आहे. एकच कमांड एका जागी उपयोगी असते, दुसऱ्या जागी निरुपयोगी. म्हणून माझ्या मते प्रत्येक पानाने पर्यायांच्या यादीआधी दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीत: ही चालवण्याआधी डिझाइन कोणत्या अवस्थेत हवं, आणि चालवल्यावर त्यात काय बदललेलं दिसेल?

‘ऑप्ट-क्लीन’ ही कमांड घ्या. वापरात नसलेल्या तारा आणि घटक काढून टाकणं हे तिचं काम. तिच्या पानावर एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: ज्या मॉड्यूलमध्ये प्रोसेस नाहीत आणि जी संपूर्ण निवडलेली आहेत, त्यांवरच ही चालते. वाक्य अचूक आहे. पण व्हेरिलॉगमधल्या ‘ऑल्वेज’ ब्लॉकचं योसिसच्या आत आधी ‘प्रोसेस’ नावाच्या रचनेत रूपांतर होतं आणि ‘प्रॉक’ ही कमांड त्या रचनेचे मल्टिप्लेक्सर व फ्लिपफ्लॉप करते, हे माहीत असलेल्यालाच ते कळतं. गंमत म्हणजे ‘प्रॉक’ न चालवता पुढे गेलात, तर पडद्यावर इशारा येतो: मॉड्यूलमध्ये प्रोसेस आहेत म्हणून ते सोडलं, आधी ‘प्रॉक’ चालवा. म्हणजे उपाय प्रोग्रॅमला ठाऊक आहे, फक्त तो ठेच लागल्यावर सांगितला जातो. तोच उपाय पानाच्या पहिल्या परिच्छेदात आणायला नवं संशोधन लागत नाही.

‘नंतर काय’ हा प्रश्न जास्त अवघड आहे. वर सांगितलेला, ठोक्याबरोबर रिसेट होणारा गणक योसिसमध्ये वाचा, ‘प्रॉक’ चालवा आणि ‘शो’ने चित्र काढा. अ‍ॅडर, मल्टिप्लेक्सर आणि साधा फ्लिपफ्लॉप दिसतो. मग डिझाइन आटोपशीर करणारी ‘ऑप्ट’ ही कमांड चालवून पुन्हा चित्र काढा. मल्टिप्लेक्सर गायब! नवशिक्याला वाटतं, आपला रिसेटच उडाला. प्रत्यक्षात ‘ऑप्ट’च्या पोटातल्या ‘ऑप्ट-डीएफएफ’ या कमांडने मल्टिप्लेक्सर फ्लिपफ्लॉपमध्ये सामावून घेतलेला असतो आणि रिसेटची स्वतंत्र जोडणी असलेला फ्लिपफ्लॉप तिथे आलेला असतो. हे सांगायला एक परिच्छेद लागतो, दाखवायला दोन लहान चित्रं पुरतात. एकाच गणकाची आधीची आणि नंतरची चित्रं ठेवली, की पर्यायांची यादी आपोआप अर्थपूर्ण होते.

चित्रं आणि उदाहरणं यांना एक रोग असतो: ती शिळी होतात. प्रोग्रॅम बदलतो, पान तसंच राहतं. यावर योसिसने काढलेला एक तोडगा मला फार आवडतो. ‘सिंथ’सारख्या कमांड स्वतः फारसं काही करत नाहीत, इतर कमांड ठरलेल्या क्रमाने चालवतात. त्यांच्या पानावर हा क्रम टप्प्याटप्प्याने छापलेला असतो, पण तो कुणी हाताने टंकलेला नसतो. प्रत्यक्ष कमांड चालवणारा कोडच ‘हेल्प’च्या वेळी आपली यादी छापतो. उद्या कुणी क्रम बदलला, तर पानही त्याच क्षणी बदलतं. यंत्राला जे सांगता येतं ते यंत्राकडून घ्यावं आणि माणसाने आपली मेहनत ‘का’ आणि ‘केव्हा’ यांवर खर्चावी, अशी कामाची वाटणी यातून सुचते.

माणसाने लिहिलेल्या उत्तम ओळीही योसिसमध्ये आहेत. ‘एबीसी’ ही कमांड बर्कली विद्यापीठात घडलेला त्याच नावाचा प्रोग्रॅम आतून वापरते. साहजिकच लोकांना वाटतं, आपलं अख्खं डिझाइन एबीसीला दिलं जातं. पान स्पष्ट सांगतं की तसं होत नाही. डिझाइनमधून काढलेले लॉजिकचे तुकडे तेवढे त्याच्याकडे जातात. संपूर्ण डिझाइन हवं असेल तर ते वेगळ्या फायलीत लिहून एबीसीमध्ये बाहेरून उघडा, हेही तिथेच लिहिलेलं आहे. कमांड काय करत नाही हे सांगणारा मजकूर बहुधा खऱ्या गैरसमजांतून जन्मतो, म्हणून तो सोन्यासारखा असतो.

ही परंपरा जुनी आहे. नोव्हेंबर 1971 च्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेत प्रत्येक कमांडच्या पानाला ठरलेले रकाने होते आणि त्यांत ‘बग्ज’ म्हणजे दोषांचाही रकाना होता. ‘हेही पाहा’ सांगणारा रकानाही होता. दोन्ही योसिसच्या प्रत्येक पानावर असावेत असं मला वाटतं. ‘ऑप्ट-क्लीन’ वाचणाऱ्याला तिथूनच ‘प्रॉक’कडे जाता आलं, तर वर्णानुक्रमाची यादी चाळायची वेळ येणार नाही.

मुंबईत आयआयटीचा ‘फॉसी’ प्रकल्प शिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो आणि सर्किट-रचनेसाठी त्याने ‘ईसिम’ हे साधन घडवलं आहे. लहान गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात परवान्याची अडचण अशा साधनांनी मिटते. पण चिप-कंपनीतल्या नवख्याच्या शेजारी विचारायला अनुभवी माणूस बसलेला असतो, गावातल्या विद्यार्थ्याजवळ तो नसतो. त्याच्यासाठी संदर्भपान हाच तो माणूस. शिवाय पान इंग्रजीत, म्हणून वाक्यं छोटी हवीत आणि एका वाक्यात एकच अट हवी.

पान सुधारलं की नाही, हे ठरवायची माझी कसोटी साधी आहे. व्हेरिलॉग येणाऱ्या पण योसिस न वापरलेल्या विद्यार्थ्याला ते द्यायचं. वाचून झाल्यावर एक छोटं डिझाइन दाखवायचं आणि कमांड चालवण्याआधीच विचारायचं: आता काय होईल? त्याने चित्र बरोबर काढलं, तर पान पास. नाही काढलं, तर पुन्हा लिहायचं ते पान, आणि लिहायचं मी.