खेळाची गोडी सरते तेव्हा

मोबाईलवरील खेळांविषयी आरोग्यविषयक नियतकालिकांत जे लिहिले जाते, ते बहुधा त्यांच्या नादाविषयी असते. मुलगा रात्रभर खेळतो, अभ्यास मागे पडतो, जेवणाच्या ताटावरही मान वर होत नाही, या तक्रारींवर पुष्कळ लिहून झाले आहे. आज मला त्याच्या पुढच्या टप्प्याकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. वर्षानुवर्षे खेळलेल्या एखाद्या खेळाची गोडी सरत जाते, आनंदापेक्षा चिडचिडच अधिक होते, आणि तरीही बोट पडद्यावरून हटत नाही. अमरावती-अकोल्याकडच्या माझ्या रुग्णांत ही अवस्था मी अलीकडे वारंवार पाहतो, आणि ती तरुणांपेक्षा पन्नाशी-साठीच्या मंडळींत अधिक पाहतो. कारण उघड आहे. दहा-बारा वर्षे एकच खेळ खेळत राहण्याची चिकाटी याच वयाची.

‘कँडी क्रश सागा’ हा त्यांतला सर्वांत परिचित खेळ. स्वीडनमध्ये सुरू झालेल्या ‘किंग’ या कंपनीने तो २०१२ साली आधी फेसबुकवर आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मोबाईलवर आणला. एकाच रंगाच्या तीन गोळ्या जुळवायच्या, एवढा सोपा नियम. लहान मुलाला कळेल आणि आजीलाही जमेल. त्या वेळी त्याच्या लेव्हल मोजक्या होत्या. आज त्यांची संख्या पंधरा हजारांच्या वर गेली आहे. म्हणजे हा खेळ जिंकून संपवता येत नाही. कंपनी नव्या लेव्हल जोडतच राहते. बुद्धिबळाचा डाव मोडतो, पत्त्यांचा डाव संपतो, घरातले उठून हातपाय धुऊन जेवायला बसतात. या खेळाला तसा शेवट ठेवलेलाच नाही.

शिवाय त्याची रचना अशी की, हरल्यावर एक ‘लाइफ’ जाते. एकूण पाच लाइफ. गेलेली प्रत्येक लाइफ अर्ध्या तासाने परत मिळते. पाचही संपल्या तर थांबायचे किंवा पैसे मोजायचे. वरून नव्या गोळ्या कोणत्या पडतील ते खेळणाऱ्याच्या हातात नसते, त्यामुळे एकच लेव्हल कधी तिसऱ्या प्रयत्नात सुटते, तर कधी तीस प्रयत्नांतही सुटत नाही. फळ केव्हा मिळेल याचा नेम नसला की प्राणी प्रयत्न सोडत नाही, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील प्रयोगांत दाखवले, त्यालाही आता सत्तर वर्षे होत आली.

चिडचिड झाली की माणूस खेळ टाकून देईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात घडते ते वेगळे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली याच खेळाच्या नेहमीच्या खेळाडूंवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. खेळताना त्यांच्या हृदयाचे ठोके आणि त्वचेतील घामाचे बदल मोजले. जिंकता जिंकता अगदी थोडक्यात हरणे हे त्यांना सर्वांत अधिक चीड आणणारे ठरले. आणि त्याच क्षणी ‘आणखी एकदा’ खेळण्याची ओढही सर्वांत प्रबळ होती. एक गोळी उरली आणि चाली संपल्या, की पडद्यावर लगेच पाच जादा चालींचे आमिष येते, ते याच क्षणी. तेव्हा ‘एवढी चीड येते तर खेळता कशाला?’ हा घरातल्यांचा प्रश्न कितीही रास्त वाटला, तरी त्याचे उत्तर चिडीतच दडलेले असते.

आवड आणि ओढ या दोन गोष्टी मेंदूत निराळ्या आहेत. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतील डोपामिन जवळजवळ नाहीसे करून पाहिले. असे उंदीर साखरेकडे स्वतःहून जात नसत. पण साखर जिभेवर ठेवली, तर पूर्वीइतक्याच आवडीने ओठ चाटत. यावरून असे दिसले की, डोपामिनचे मुख्य काम सुख देणे हे नसून सुखाकडे खेचणे हे आहे. हे खेचणे गोडी संपल्यावरही चालू राहू शकते. बडनेऱ्याच्या एका बासष्ट वर्षांच्या गृहिणीने हेच मला एका वाक्यात सांगितले होते : “मजा तं काही येत नाही जी डॉक्टरसाहेब, पण सोडवतही नाही.”

त्या आल्या होत्या अंगठ्याच्या दुखण्यासाठी. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस सूज होती. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वळवले की कळ येई. अंगठ्याच्या स्नायुबंधांवरील आवरण सुजल्याचे हे लक्षण. पूर्वी हा विकार मी लहान बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये आणि धुणीभांडी करणाऱ्या बायांमध्ये पाहत असे. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली एका एकोणतीस वर्षांच्या तरुणाची हकीकत आली होती. सहा ते आठ आठवडे दिवसभर मोबाईलवर असाच जोड्या जुळवण्याचा खेळ खेळून त्याच्या अंगठ्याचा स्नायुबंध चक्क तुटला, आणि खेळताना त्याला वेदना जाणवलीच नव्हती. खेळाच्या ओघात वेदना बोथट होत असावी, असे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवले. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, हे तर आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवलेले आहे.

अंगठ्याला पट्टा आणि विश्रांती सांगून मी बाईंना विचारले, हा खेळ कुणी शिकवला? पुण्याला दिलेल्या मुलीने, २०१४ साली. दोघी एकाच वेळी खेळू लागल्या. आईच्या लाइफ संपल्या की मुलगी तिकडून पाठवी, मुलीच्या संपल्या की आई इकडून. रोज सकाळी मोबाईल उघडला की मुलीची लाइफ आलेली असे. दोन वर्षांपूर्वी मुलीने खेळणे सोडले. तिला नोकरी, दोन मुले. तिचेही चूक नाही. त्यानंतर खेळ ‘बिघडला’, असे बाईंचे मत. कंपनीने मुद्दाम लेव्हल कठीण केल्या, असे त्या ठामपणे सांगत होत्या. कदाचित तसे असेलही. परंतु मला वाटते की त्यांची गोडी गोळ्यांत कमी आणि सकाळच्या त्या निरोपात अधिक होती. निरोप येणे थांबले आणि उरल्या त्या नुसत्या गोळ्या.

म्हणून अशा रुग्णाला ‘खेळ काढून टाका’ एवढेच सांगून मी थांबत नाही. खेळाने कोणती जागा भरली होती ते आधी पाहावे लागते. या बाईंच्या बाबतीत मुलीने सकाळी नऊला पाच मिनिटे फोन करायचा, असे ठरले. शिवाय त्यांना मधुमेह आहे. पाचही लाइफ संपल्या की मिळणारा अर्धा तास वडाळी तलावाकडे नव्हे, निदान आपल्या गल्लीतच चालण्यात घालवा, असे मी सुचवले. हिशेब केला तर गंमत दिसते : पाच लाइफ भरून यायला लागतात बरोबर दीडशे मिनिटे, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान तेवढाच मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. अर्थात मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना दुपारी कुणी चालू नये; वऱ्हाडातला उन्हाळाही माणसाला घरात, पंख्याखाली, मोबाईलपाशी बसवतो, हे शहाण्या सल्ल्याने विसरू नये.

तरुणांचे खेळ वेगळ्या रीतीने संपले. पब्जीवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, तेव्हा आमच्या भागातील मुले ‘फ्री फायर’कडे वळली, फेब्रुवारी २०२२ मध्ये तेही बंद झाले. पब्जीचा भारतीय अवतार २०२१ साली आला, पुढच्या वर्षी बंद पडला आणि २०२३ च्या मे महिन्यात अल्पवयीनांसाठी दिवसाला तीन तासांच्या मर्यादेसह परतला. बंदीमुळे मुलांनी खेळ बदलला, खेळणे सोडले नाही, असा माझा अनुभव. ज्यांनी खरोखर सोडले, ती कंटाळून सोडणारी होती : नेहमीचा चमू पांगला, कुणी नागपूरला शिकायला गेला, कुणी कामाला लागला. असा कंटाळा निरोगी असतो. मूल जसे भातुकली मागे टाकते, तसे माणूस या खेळांनाही मागे टाकतो. पालकांनी या वेळी ‘सांगत होतो ना’ म्हणून टोमणा मारू नये. टोमण्याच्या रागाने पुन्हा मोबाईल हाती घेणारी मुले मी पाहिली आहेत.

मात्र खेळातले मन उडण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठीच लिहिला आहे.

अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रोज रेल्वेने अप-डाउन करणारे एक पंचेचाळिशीचे कर्मचारी. डब्यात चौघांचा ठरलेला कंपू, आणि तासा-सव्वा तासाच्या प्रवासात ‘लुडो किंग’. नवी मुंबईतील कंपनीने २०१६ साली काढलेला हा खेळ टाळेबंदीत घरोघरी पोचला, तसा यांच्याकडेही पोचला आणि पुढे गाडीत शिरला. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या त्या थकव्यासाठी, पण बोलताना आनंदाने म्हणाल्या, “यायचा मोबाईल तं सुटला जी! आता हातातही घेत नाही.” गृहस्थ काहीच बोलले नाहीत. मी पुढे विचारत गेलो. लुडो सुटला होता, तसे रविवारचे क्रिकेट सुटले होते, भजनी मंडळ सुटले होते. पहाटे तीनला जाग येई, मग झोप नाही. वजन चार किलोंनी उतरले होते. “जीव लागत नाही कशातच,” एवढेच ते म्हणाले.

केवळ एका खेळाचा वीट आला तर चिंता नको; पण सगळ्याच गोष्टींतले मन उडाले, तर ते नैराश्याचे ठळक लक्षण आहे. आपण घरातले लोक मोबाईलवर इतके रागावलेलो असतो की, तो सुटला याच आनंदात बाकीचे काय सुटले ते पाहत नाही. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस कशातच रस वाटत नाही का, आणि मन उदास किंवा हताश असते का, हे दोन प्रश्न घरातल्या कुणीही विचारू शकेल. दोहोंपैकी एकाचे उत्तर ‘हो’ आले, तर डॉक्टरांकडे जावे. जगणे नकोसे वाटते का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. कर्ज, नापिकी आणि आत्महत्या यांचे सावट असलेल्या या प्रदेशात तरी हा प्रश्न विचारायला लाजू नये.

त्यांचे हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी-१२ मी तपासून घेतले, कारण त्यांतील बिघाडानेही माणूस असाच मलूल होतो. तपासण्या ठीक आल्या, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला लोक अजून इर्विनच म्हणतात. जाणे लगेच शक्य नसेल, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. नैराश्यावरील औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही ती निदान सहा महिने घ्यावी लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून, किंवा तिसऱ्या महिन्यात ‘आता बरा आहे’ म्हणून ती स्वतःहून बंद करू नयेत.

दिवाळीनंतर ते दोघे पुन्हा आले. झोप पाचपर्यंत लागू लागली होती, वजन दीड किलो वाढले होते. पत्नीची मात्र तक्रार होती : गाडीत पुन्हा लुडो सुरू झाला आहे, कालच्या डावावरून घरी येऊनही चिडचिड चालली होती. कोण हरले, असे मी विचारले. ते पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, “मीच.” औषधे तशीच चालू ठेवायला सांगून, लुडोविषयी सध्या काही बोलू नका, असे मी वहिनींना सुचवले.