रायगडावरची भाऊबंदकी : पडद्यावरची आणि कागदावरची

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित 'छावा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि देशभरच्या प्रेक्षकांनी एका मराठी घरातला वारसाहक्काचा तंटा पाहिला. विकी कौशल यांचे संभाजी महाराज, रश्मिका मंदाना यांच्या येसूबाई, दिव्या दत्ता यांच्या सोयराबाई आणि अक्षय खन्ना यांचा औरंगजेब घराघरांत पोचले. पडद्यावर हा तंटा सरळ दिसतो. एका बाजूला सावत्र आई आणि कटवाले प्रधान, दुसऱ्या बाजूला शूर पण एकटा पडलेला राजपुत्र. हे नाट्य जिथे खरोखर घडलं तो रायगड महाड तालुक्यात आहे. मात्र त्या काळाचे कागद वाचू लागलं की ही सरळ मांडणी टिकत नाही. त्यात सख्खे भाऊ बहिणीविरुद्ध उभे राहतात आणि एक आई स्वतःचा मुलगा बाजूला ठेवून दिराला गादीवर बसवते.

आधी मोरे, मग भोसले

या मुलखाला भाऊबंदकी नवी नव्हती. शिवकाळाच्या आधी महाड-पोलादपूरचा डोंगरपट्टा जावळीच्या मोऱ्यांच्या अमलाखाली होता. 'चंद्रराव' हा त्यांचा आदिलशाही किताब. पोलादपूर तालुक्यातल्या ढवळे गावावरचा चंद्रगड आणि महाडच्या बाजूचा कांगोरी ऊर्फ मंगळगड त्या सत्तेची आठवण देतात. चंद्ररावांपैकी दौलतराव निपुत्रिक वारले आणि दत्तकाचा प्रश्न उभा राहिला. त्या घरगुती पेचात शिवाजी महाराजांनी एका बाजूला हात दिला. पुढे त्या मदतीने गादीवर आलेला चंद्ररावच जुमानेनासा झाला, तेव्हा १६५६च्या जानेवारीत त्यांनी जावळी घेतली. चंद्रराव रायरीला पळाला, पण काही महिन्यांत रायरीही पडली. तीच रायरी पुढे रायगड झाली आणि ६ जून १६७४ रोजी तिथे राज्याभिषेक झाला. स्वराज्याची राजधानी ज्या डोंगरावर उभी राहिली, तो डोंगर दुसऱ्या एका घराण्याच्या वारसाच्या भांडणातून हाती आला होता.

एप्रिल १६८०

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचं निधन झालं. थोरले पुत्र संभाजीराजे तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि पन्हाळ्यावर होते. १६७८च्या डिसेंबरात ते मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले होते आणि वर्षभराने परत आले होते. त्यामुळे त्यांच्याविषयी प्रधानांच्या मनात शंका होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. धाकटे राजाराम, सोयराबाईंचे पुत्र, दहा वर्षांचे होते. निधनाची बातमी पन्हाळ्याला कळू नये अशी खटपट झाली आणि २१ एप्रिलला राजारामांचं मंचकारोहण, म्हणजे गादीवर बसण्याचा विधी, उरकण्यात आलं. पेशवे मोरोपंत पिंगळे आणि सचिव अण्णाजी दत्तो संभाजीराजांना कैद करण्यासाठी पन्हाळ्याच्या रोखाने निघाले.

इथे चित्रपटांचा नेहमीचा हिशेब चुकतो. रक्ताच्या नात्याने निकाल लागायचा असता, तर सरनोबत हंबीरराव मोहिते राजारामांच्या बाजूने उभे राहायला हवे होते. ते सोयराबाईंचे सख्खे भाऊ, राजारामांचे मामा. त्यांची मुलगी ताराबाई पुढे राजारामांचीच राणी झाली. पण हंबीररावांचा तळ कऱ्हाडजवळ होता, हाताशी फौज होती आणि औरंगजेब दक्षिणेत उतरणार हे दिसत होतं. दहा वर्षांच्या भाच्याच्या नावाने प्रधान राज्य चालवणार की लढणारा राजा हवा, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी प्रधानांनाच पकडून संभाजीराजांसमोर नेलं. १८ जून १६८० रोजी संभाजीराजे रायगडावर आले आणि १६ जानेवारी १६८१ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला. मोहिते घराणं कुणाचं, यापेक्षा लष्कर कुणाचं, या प्रश्नाने गादीचा निवाडा केला.

पालीचा पाहुणा

संभाजी महाराजांनी अण्णाजींना माफ करून पुन्हा कामावर घेतलं. वर्षभरात दुसरा कट शिजला आणि त्याची गाठ आणखी एका घरातल्या भांडणाशी पडली. औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून १६८१च्या जूनमध्ये आजच्या रायगड जिल्ह्यातल्या पालीजवळ, सुधागडच्या परिसरात येऊन राहिला होता. कटवाल्यांनी त्याच्याकडे मदत मागितली. त्याने ते संभाजी महाराजांना कळवलं. अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस, हिरोजी फर्जंद यांना देहान्त शिक्षा झाली.

सोयराबाईंचं काय झालं? गादीवर बसताच संभाजी महाराजांनी त्यांना मारलं, भिंतीत चिणलं, अशा कथा बखरींतून आणि नाटकांतून फिरत राहिल्या. कागद वेगळं सांगतात. सोयराबाईंचं निधन ऑक्टोबर १६८१मधलं, म्हणजे महाराज रायगडावर आल्यानंतर सव्वा वर्षाहून अधिक काळाने झालेलं आहे. बाकरेशास्त्र्यांना दिलेल्या १६८०च्या संस्कृत दानपत्रात संभाजी महाराज सावत्र आईच्या निर्मळ मनाचा उल्लेख करतात आणि ते मन गढूळ केल्याचा दोष मंत्र्यांवर ठेवतात. हे राजकारणाचं शहाणपण असेल किंवा खरी भावना असेल. पण खलनायिकेच्या साच्यात ते बसत नाही. राजारामांच्या जिवालाही धक्का लागला नाही. त्याच शतकात औरंगजेबाने बाप शाहजहानला कैदेत ठेवलं आणि भाऊ दाराला मारलं. त्याच्याशी तुलना केली की रायगडावरच्या भांडणाला किती मर्यादा होती ते कळतं.

बहिणीविरुद्ध भाऊ

'छावा' प्रदर्शित झाल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी आणि कान्होजी यांच्या फितूर म्हणून केलेल्या चित्रणावर आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. या वादात मूळ मुद्दा मागे पडला. गणोजी शिर्के संभाजी महाराजांच्या राणी येसूबाईंचे सख्खे भाऊ आणि शिवाजी महाराजांचे जावई होते. राजकुंवरबाई त्यांना दिलेल्या, येसूबाई भोसल्यांकडे आणलेल्या, असं ते साटंलोटं होतं. बिनसलं ते दाभोळच्या देशमुखी वतनावरून. स्वराज्यात वतनं वाटायची नाहीत, चाकरीला पगार द्यायचा, हे थोरल्या महाराजांचं धोरण होतं आणि मोगल मात्र वतनाचं आमिष दाखवत होते. त्या काळातली बहुतेक फितुरी या एका फरकातून उगवली. एका माणसाच्या दुष्टपणाने ती समजत नाही.

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले. तेव्हा येसूबाई रायगडावर होत्या. त्यांचा मुलगा शाहू, माणगावजवळच्या गांगवली गावात जन्मलेला, सहा वर्षांचा होता. गादीवर त्याचा हक्क होता. येसूबाईंनी दीर राजारामांचं मंचकारोहण करवलं आणि रायगडाला वेढा पडला असताना त्यांना बाहेर काढलं. ५ एप्रिलला राजाराम निसटून प्रतापगडाकडे गेले. येसूबाई मुलासह मागे राहिल्या. ३ नोव्हेंबरला गड पडला आणि त्या मोगलांच्या कैदेत गेल्या. त्या परतल्या १७१९मध्ये. १६८०मध्ये ज्या राजारामांसाठी कट झाला, त्यांनाच संभाजी महाराजांच्या राणीने स्वतःहून राजा केलं. घराण्याच्या भांडणाची एवढी मोठी मिटवामिटवी मराठ्यांच्या इतिहासात दुसरी नाही, आणि चित्रपटांत तिला मिळते ती दुय्यम जागा.

लिहिणारेही भाऊबंदच

मग सावत्र आईचं ते ठसठशीत चित्र आलं कुठून? कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती जिंजीला, राजारामांच्या आश्रयाने. मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं, आणि ते संभाजी महाराजांनी देहान्त दिलेल्या बाळाजी आवजींचे वंशज होते. म्हणजे भांडणातल्या एकेका बाजूनेच पुढे लेखणी हाती घेतली. पोलादपूरला ज्यांची समाधी आहे त्या कवींद्र परमानंदांच्या घराण्यात रचलेल्या 'अनुपुराणा'तून संभाजीराजांची बाजू कळायला मदत होते. पण ते संस्कृत काव्य फार थोड्यांनी वाचलं. लोकांनी पाहिलं ते नाटक. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या 'राजसंन्यास'मधले संभाजीराजे लोकांना इतके खटकले की २०१७मध्ये पुण्यात गडकऱ्यांचा पुतळा उखडला गेला. वसंत कानेटकरांनी १९६२च्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये बाप-लेकांमधली दरी समजुतीने मांडली. वा. सी. बेंद्रे आणि डॉ. कमल गोखले यांनी कागद तपासून संभाजी महाराजांवरचे बरेच आरोप खोडले. शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी त्यानंतरची, आणि चित्रपट त्या कादंबरीवरचा.

या प्रवासात संभाजी महाराजांना न्याय मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. सोयराबाईंना तो मिळाला नाही. अण्णाजी-मोरोपंतांना राजा कुणाच्या मुठीत राहावा याची चिंता होती, शिर्क्यांना वतन हवं होतं, हंबीररावांना लढाई जिंकायची होती. हे सगळं सोडून दोष एका बाईच्या ममतेवर टाकणं सोपं होतं आणि ते जवळपास साडेतीनशे वर्षांच्या वाटचालीत जमून गेलं. रायगड पाहायला जाणाऱ्यांनी राजसभेत सिंहासनाच्या जागेपुढे उभं राहावं, पण तिथे केवळ दोन राण्यांचं आणि दोन मुलांचं भांडण आठवू नये. बेंद्रे-गोखल्यांची पुस्तकं आजही वाचायला मिळतात. चित्रपट पाहिलेल्या प्रत्येकाने ती एकदा वाचावीत.